यंत्र बिघडल्याची तक्रार

वडगाव रासाई,
२० ऑक्टोबर २०२४

साडूभाऊ भिमाजीराव यांस,

हौशीरामचा मोठ्या आवाजातला रामराम. मोठ्या आवाजातला अशासाठी, की आपल्या दोघांचेबी कान त्या कंपनीतल्या प्रेस शॉपच्या धडधडीतच राहिले, आन् आता हळू बोलणं म्हंजी काय ते मला तरी आठवत न्हाई. फोन आपल्या कामाचा न्हाई. मेसेज लिवायचा तर माझं बोट एकाच वेळी तीन अक्षरांवर पडतं. तवा आपलं पेन बरं.

तुमच्या विनोदनं परवा तो हातातला कॉम्प्युटर आणून दिला. मी म्हणलं, आरं, ही तर वीट हाय! कडंनं काळं रबर, मागं हात अडकवायला पट्टा. त्यानं सांगितलं, "काका, आमच्या गोदामात माल मोजायला ही वापरायचे. आता नवीन आली म्हणून ही काढून टाकली. दोन घेतली. एक बाबांना, एक तुम्हाला. समोरचा बोलला की ह्याच्यावर अक्षरं उमटतात." आन् भिमाजीराव, हे सगळं त्यानं सांगितलं ते मी त्या काचेवरच वाचलं की! माझ्या डोळ्याला पाणीच आलं. विनोदला वाटलं धूळ गेली.

तवापासून हे यंत्र घेऊन गावभर हिंडतोय. पारावरची मंडळी पैल्या दिवशी माझ्याफुडं गप्पच बसली. म्हंजी इतकी वर्षं मी बसलेला असताना काय काय बोलत असतील, बघा! आता सवय झाली. यंत्राला आपली भाषा मात्र अर्धीच कळते. 'आन्' म्हणलं की 'अन्न' लिवतंय. शेजारचा म्हाळू वरडत आला, "शेरडू सुटलं!" यंत्रानं लिवलं, 'शिरूर सुटलं.' मी म्हणलं, जाऊंदे, तालुक्याचं गाव हाय, किती लांब जाईल?

मजबूत म्हणाल तर काय सांगू. मंगळवारी वैरण टाकताना खिशातून गव्हाणीत पडलं. मी शोधतोय आन् म्हैस निवांत चाटतीय. धुऊन पुसलं, चालू! काचेवर एक चरा सुदिक न्हाई.

एकच गोष्ट मनाला लागलीय. सगळं गाव यंत्राफुडं बोलतं, फकस्त भागू बोलत न्हाई. मला वाटलं हुतं, आता तरी दोघं बसून चार गोष्टी करू. यंत्र काढलं की ती भांडी घेऊन मोरीवर जाती. पैल्यासारखंच हातवारे: जेवा, उठा, झोपा. इतक्या वर्षांत तिचा माझ्याशी बोलायचा जीवच गेला असंल का?

म्हाळसाला आशीर्वाद. तुमच्या यंत्राचं कसं काय, कळवा.

तुमचा,
हौशीराम


खुटबाव,
२९ ऑक्टोबर २०२४

ती. हौशीराम साडूभाऊंना भिमाजीचा नमस्कार.

पत्र वाचून मी एवढा हसलो की म्हाळसा स्वयंपाकघरातून पळत आली. तिला वाटलं मला ठसका लागला.

माझं यंत्र तुमच्यासारखं गव्हाणीत जायचं नाही. स्टोअरकीपरची सवय आहे, वस्तू जागच्या जागी. मी त्याला जुन्या चष्म्याच्या पिशवीत ठेवतो आणि वापरून झालं की पुसतो. तरी सांगायला हरकत नाही, दिवाळीच्या साफसफाईत म्हाळसाने फडताळ पुसायला घेतलं आणि पिशवीसकट यंत्र पाण्याच्या बादलीत. बाहेर काढलं तर काच काळी. पाठीमागचं झाकण उघडलं, बॅटरी काढली, दोन दिवस सावलीत कापडावर ठेवलं. म्हाळसा दोन दिवस माझ्या वाटेला आली नाही. तिसऱ्या दिवशी बटण दाबलं तर पहिलंच अक्षर उमटलं ते तिचं: 'झालं का चालू?' मी म्हटलं, झालं. मग म्हणाली, 'बरं झालं, नाहीतर तुम्ही मला दिवाळीभर हिशेब मागितला असता.'

गेल्या आठवड्यात केडगाव स्टेशनवर गेलो होतो, विनोदच्या मित्राला सोडायला. फलाटावर यंत्र हातात धरून उभा राहिलो. किती वर्षांनी मला कळलं की गाडी कुठल्या फलाटावर येतेय ते आधी सांगतात! शेजारची बाई मला म्हणाली, 'आजोबा, काय मोजताय?' मी म्हटलं, आवाज मोजतोय.

अक्कांचं मनावर घेऊ नका. म्हाळसाही पहिले दोन दिवस बुजली होती. आपण काय बोलतो ते कोणीतरी लिहून घेतंय असं वाटतं. पोलिसात जबाब दिल्यासारखं. आता मात्र तिला थांबवावं लागतं. थोडी कळ काढा.

दिवाळीच्या शुभेच्छा. अक्कांना नमस्कार सांगा.

आपला,
भिमाजी


वडगाव रासाई,
१६ नोव्हेंबर २०२४

भिमाजीराव,

दिवाळी गोड झाली. आमचा विश्वजीत आन् सूनबाई पिंपरीहून चार दिवस आली हुती. पण पत्राचं कारण दुसरं हाय. माझं यंत्र बिघडलं.

असं झालं. गेल्या रविवारी संध्याकाळी भागू म्हाळसाला फोन करत हुती. तिला ठावं न्हवतं, पण यंत्र माझ्या मांडीवर चालू हुतं. मी म्हणलं, बघू तरी दोघी बहिणी काय बोलत्यात. तर काचेवर जे उमटलं ते हितं जसंच्या तसं उतरवतो:

'काय? काय म्हणलीस? कोण आलं? परत सांग. काय? हां. हां हां. कोण पडली? काय? बरं झालं, बरं झालं.'

आता सांगा, कुणी पडली म्हणून 'बरं झालं' म्हणतं का? गोदामाच्या शब्दात सांगायचं तर, माल गेला एक आन् चिठ्ठी निघाली भलतीच. यंत्र 'काय'वर अडकतंय. जुन्या प्रेसला पट्टा घसरला की तोच ठोका परत परत पडायचा, तसं.

अजून एक. सकाळी डेअरीचा माणूस आला. त्यानं इचारलं, 'दूध आज कमी का?' भागूचं उत्तर यंत्रानं लिवलं, 'चहा झालाय, बसा.' तो बिचारा बसला, चहा पिला आन् गेला. म्हंजी यंत्र दोघांचं बोलणं एकमेकांत कालवतंय. एकाचा प्रश्न हितला, दुसऱ्याचं उत्तर भलतीकडचं.

गव्हाणीत म्हशीनं चाटलं तवा आत काय गेलं असंल का? तुम्ही तुमचं उघडलं हुतं तसं मी उघडू का? माझ्या हातात पाना आला की वस्तू परत जुळत न्हाई, तुम्हाला ठावं हाय.

हौशीराम


खुटबाव,
२४ नोव्हेंबर २०२४

साडूभाऊ,

उघडू नका! पान्याला हात लावू नका. शिरूरला मोबाइल दुरुस्तीवाला पोपट आहे, विनोदच्या ओळखीचा. त्याच्याकडे घेऊन जा.

आणि आता माझी तक्रार ऐका. तुमचं पत्र आल्यावर मीही माझं यंत्र बारकाईने तपासलं. माझ्यातही दोष निघाला, तुमच्याहून वेगळा. तुमचं अडकतंय, माझं एकेक वाक्य दोन-दोन, तीन-तीनदा लिहितंय. त्याच रविवारच्या फोनवर म्हाळसा बोलत होती ते काचेवर साठलेलं होतं, ते उतरवतो:

'अक्का, म्हैस व्यायली. म्हैस व्यायली. अगं, म्हैस, म्हैस व्यायली! पारडी झाली. पारडी. पारडी गं!'

(हो, म्हैस व्यायली. पारडी झाली. काळीभोर आहे, कपाळावर पांढरा ठिपका. ते सांगायचं राहूनच गेलं.)

गंमत अशी की माझ्याशी बोलताना, शेजाऱ्यांशी बोलताना ते असं काही करत नाही. सगळं एकदाच लिहितं. फोनच्या वेळीच ही खोड. मी म्हाळसाला विचारलं तर ती म्हणाली, 'अहो, मी खरंच दोन-तीनदा सांगते. नदीकाठी अक्काच्या घरात रेंज नाही. ती स्वतःच म्हणते, रेंज नाही गं, मोठ्यानं बोल.' म्हटलं, असेल. पण इतक्या वेळा? मला वाटतं बादलीतलं पाणी कुठेतरी राहिलंय.

विनोदला म्हटलं, बाबा, एवढी भक्कम म्हणून आणलीस आणि दोन्ही एकदम बिघडली. तो म्हणाला, 'गोदामात ही यंत्रं पोरांच्या हातून रोज पडायची, कधी चुकीचं मोजलं नाही त्यांनी.' म्हणजे त्याच्या मते चूक आपली. आजकालची मुलं वडिलांपेक्षा यंत्राची बाजू आधी घेतात.

पोपटकडचा निकाल कळवा. तोवर मी माझं कुणाला दाखवत नाही.

आपला,
भिमाजी


वडगाव रासाई,
८ डिसेंबर २०२४

भिमाजीराव,

निकाल लागला. पोपट म्हणतोय यंत्र ठणठणीत हाय.

त्यानं ते माझ्यासमोर खोललं, आत ब्रश मारला, म्हणला, "आबा, आत पाण्याचा थेंब न्हाई. ही जात लई चिवट." मला पटंना. मग तो यंत्र काऊंटरवर ठिवून बोलायला लागला. गिऱ्हाइकांची नावं घेतली, बायकोनं आणायला सांगितलेल्या भाज्यांची घेतली. एकबी शब्द अडकला न्हाई, एकबी कालवला न्हाई. शेवटी म्हणला, "आबा, यंत्रात दोष न्हाई. घरात काय आवाज असंल, मिक्सर-बिक्सर." पैसं घेतलं न्हाई. मी घरी आलो, यंत्र चुलीपाशी ठिवलं, तर भागूनं त्याच्यावर फडकं टाकलं. माशा बसत्यात म्हणली. यंत्रावर माशा!

असो. आज लिवायला बसलो त्याचं कारण एक भांडण. परवा आम्ही दोघं रस्त्यानं दळण घेऊन येत हुतो. मी फुडं, भागू मागं, डोक्यावर डबा. उसाचा ट्रॅक्टर मागून आला, दोन ट्रॉल्या भरलेला. मला तर काय ऐकूच येत न्हाई, पण जमीन हादरली की पायाला कळतं, मी कडंला झालो. वळून बघतो तर भागू रस्त्याच्या मधी चालत्याली. भिमाजीराव, ट्रॅक्टर तिच्यापासून दोन हातांवर थांबला. डबा पडला, सगळं पीठ रस्त्यावर. ड्रायव्हर खाली उडी मारून आला आन् हातवारे करून बोलाय लागला. मी यंत्र काढलं. त्यावर उमटलं: 'आजी, किती हॉर्न मारला! ऐकू येत नाही का?'

माझं डोकंच फिरलं. म्हाताऱ्या बाईला असं बोलतो? मी त्याला म्हणलं, "ती न्हाई रं, मी बहिरा हाय! तिला काय बोलतोस?" चांगला फैलावर घेतला. गाव गोळा झालं. पोरगं गप ट्रॅक्टरवर चढलं.

भागू मात्र रस्त्यात बसून पीठ गोळा करत हुती. घरी आल्यावर जेवली न्हाई. मी म्हणलं, "आगं, त्याला झाडला की मी, आता कशाला मनाला लावून घेतीस?" तर मान फिरवून बसली. यंत्र काढलं तर उठूनच गेली. काय कळंना मला. मी तिची बाजू घेतली आन् ती माझ्यावरच रुसली.

यंत्र चांगलं हाय म्हणं. मग घरातलं बोलणं का जुळंना?

हौशीराम


खुटबाव,
१३ डिसेंबर २०२४

साडूभाऊ,

हे पत्र विनोदच्या हाती पाठवतोय. टपालात दिवस घालवायचे नाहीत. स्वतः येणार होतो, पण अक्कांसमोर हे मला बोलता आलं नसतं. एकटे बसून वाचा.

तुमचं ट्रॅक्टरचं पत्र वाचलं आणि मला रात्री जेवण गेलं नाही. मी तुमचं आधीचं पत्र काढलं. तुम्ही उतरवलेलं अक्कांचं बोलणं एका बाजूला ठेवलं, माझ्या यंत्रावरचं म्हाळसाचं दुसऱ्या बाजूला. एकच फोन, एकच संध्याकाळ. दोन्ही एकत्र वाचा:

'अक्का, म्हैस व्यायली.'
'काय?'
'म्हैस व्यायली.'
'काय म्हणलीस? कोण आलं?'
'अगं, म्हैस, म्हैस व्यायली!'
'परत सांग. काय? हां. हां हां.'
'पारडी झाली.'
'कोण पडली?'
'पारडी.'
'काय?'
'पारडी गं!'
'बरं झालं, बरं झालं.'

साडूभाऊ, तुमचं यंत्र अडकत नाही. माझं यंत्र तिप्पट लिहीत नाही. दोघांनीही जे ऐकलं तेच लिहिलंय. पोपट बरोबर, विनोद बरोबर. डेअरीवाल्याने दुधाचं विचारलं आणि अक्कांनी चहाचं सांगितलं, कारण सकाळी आलेला माणूस चहाच घेणार असा त्यांनी अंदाज केला. ट्रॅक्टरवाल्या पोराने खरंच हॉर्न मारला होता. तुम्ही त्या पोराला उगाच झापलंत.

अक्कांना ऐकू येत नाही.

तुम्ही म्हणाल, माझं सगळं तर ती ऐकते. अहो, तुमचं कोण ऐकत नाही? तुम्ही भीमेच्या त्या काठावर बोललात की इकडे दौंड तालुक्यात कळतं. त्या घरात अक्कांना व्यवस्थित ऐकू येणारा एकच माणूस आहे, आणि तो बहिरा आहे!

मी म्हाळसाला हे दाखवलं. ती आधी म्हणाली, रेंज. मग कागदाकडे बघत राहिली. मग पदर डोळ्याला लावला. म्हणाली, 'आणि मी तिच्यावर खेकसत होते, लक्ष कुठंय तुझं म्हणून.' फोन करते म्हणाली. मी म्हटलं, त्या घरी फोन करून काय उपयोग, उचलणार कोण आणि ऐकणार कोण? तेव्हा रडता रडता हसली.

आता रागावू नका. अक्कांवर तर मुळीच नाही. त्या यंत्रापासून का उठून जातात ते तुमच्या लक्षात आलं असेल. त्यांना तुमच्याशी बोलायचं नाही असं नाही. पकडले जाऊ, ही भीती.

विनोदला पुढच्या आठवड्यात दोन दिवस सुटी आहे. दौंडला कानाचे डॉक्टर आहेत, तो गाडी काढून दोघांना घेऊन जाईल. पण आधी तुम्ही बोला. आणि उभ्या आयुष्यात एकदा तरी, हळू बोला.

आपला,
भिमाजी


वडगाव रासाई,
१९ डिसेंबर २०२४

भावजींना भागूबाईचा नमस्कार.

माझं शिक्षण चौथीपत्तुर, चूकभूल पदरात घ्या. ह्यांनी तुमचा कागद मला वाचून दाखवला. वाचून म्हंजी बोंबलून. म्हाळूच्या घरापत्तुर गेलं आसंल, आता गावात लपवायला काय राहिलं न्हाई. तुम्ही हळू बोला लिवलं ते त्यांनी सगळ्यात मोठ्यानं वाचलं.

मी आधी लई चिडले तुमच्यावर. दुसऱ्याच्या घरातला फोन कागदावर मांडायचा ही काय रीत झाली? मग ह्यांच्याकडं बघितलं. हे त्या यंत्राला हातात धरून बसलं हुतं आन् म्हणाले, "म्हंजी तू माझ्यावर रुसली न्हवतीस?" इतकंच. ट्रॅक्टरचं न्हाई, लपवल्याचं न्हाई. हेच एक इचारलं. मग माझाबी धीर सुटला.

का लपवलं ते तुम्हाला सांगते, तुम्ही माझ्या बहिणीचं मालक, परके न्हाई. ह्यांचे कान गेले तवापासून ह्या घरात कान म्हंजी मीच. दार वाजलं तर मी, म्हैस वरडली तर मी, मोटर बंद पडली तर मी. माझंबी कमी झालं तसं मी तोंडाकडं बघून ओळखायला शिकले. पण पोराला कळलं आसतं तर तो म्हणला आसता, दोघं बहिरे, एकटे कसे ठिवायचे, चला पिंपरीला. विश्वजीत गुणाचा हाय, सूनबी चांगली हाय. पण तिथं पाचव्या मजल्यावर मी काय करू? कोंबड्या कुठं ठिवू? मला माझं आंगण सोडायचं न्हाई, म्हणून गप राहिले. ते यंत्र आलं आन् मला धास्ती बसली. ते खोटं लिवत न्हाई हे मला तुमच्या दोघांच्या आधी कळलं हुतं.

ट्रॅक्टरच्या दिवशी मात्र भ्याले. मी मेले आसते तर ह्यांना मागं काय झालं ते ऐकूसुदिक आलं नसतं.

उद्या विनोदबरोबर दौंडला जाणार. म्हाळसाला सांगा, ती माझ्यावर खेकसली ते मला ऐकूच आलं न्हाई, तवा वाईट वाटून घ्यायचं कारण न्हाई. पारडीला कपाळावर ठिपका हाय ते मला तुमच्या कागदावरनं कळलं.

भागूबाई


खुटबाव,
२८ डिसेंबर २०२४

सौ. अक्कास,

म्हाळसाचा साष्टांग नमस्कार आणि वरून एक धपाटा. हे बोलतेय मी आणि यंत्रावरून उतरवून घेतायत हे, मधे मधे आपली शुद्ध भाषा घालून. घालू देत.

विनोदने सगळं सांगितलं. डाव्या कानात मळाचा खडा होता, काढल्यावर डॉक्टर हळू बोलले तर तू म्हणालीस, "वरडता कशाला?" तिथली नर्स हसून हसून बेजार झाली म्हणे. उजव्या कानाची नस कमजोर आहे, त्याला मशीन लावलंय. मशीन नखाएवढं आहे असं विनोद म्हणतो. सांभाळ. दाजींसारखं गव्हाणीत पडलं तर म्हैस चाटणार नाही, गिळेल.

आणि विश्वजीतला तू स्वतः फोन करून सांगितलंस, हे बरं केलंस. त्याने मला फोन केला होता. म्हणाला, 'मावशी, मी त्यांना ओढून आणणार नाही, पण मला सांगितलं का नाही?' मी म्हटलं, बाबा, तू विचारलंस की तुझी आई म्हणते बरं आहे, आणि आम्हाला म्हणते रेंज नाही. तो येत्या रविवारी येऊन दारावर एक दिवा लावून देणार आहे, बाहेरची कळ दाबली की घरात उजेड पडणारा. म्हणजे दार कोणी उघडायचं यावरून आता तुम्ही दोघं भांडा.

आता फोन कर. एकदाच सांगेन सगळं, तिसऱ्यांदा नाही.

तुझी,
म्हाळसा


वडगाव रासाई,
२६ जानेवारी २०२५

भिमाजीराव,

शाळेतलं झेंडावंदन करून आलो आन् बसलो लिवायला. विनोद इचारत हुता, काका, यंत्र कसं चालतंय, गोदामातल्या पोरांना सांगायचंय. त्याला सांगा, गव्हाणीत पडलं, दुचाकीवरनं पडलं, परवा भागूनं पोळ्यांच्या डब्याखाली दाबलं. रबराचा एक कोपरा निघालाय, बाकी जसंच्या तसं. आन् हेबी सांगा, की सगळ्या वेळेत एकदाबी खोटं बोललं न्हाई. आम्हीच त्याच्यावर आळ घेतला.

घरात आता भलताच बदल झालाय. भागू मला म्हणती, "हळू बोला, कान फुटतील माझं." मी हळू बोलायला शिकतोय. किती हळू म्हंजी हळू ते कळंना, तवा ती हात वर-खाली करून दाखवती, बँडमास्तरवाणी. त्या ट्रॅक्टरवाल्या पोराला कारखान्याच्या रस्त्याला गाठून बोलावलं, घरी आणलं, चहा पाजला. पोरगं आधी यायला तयार न्हवतं. त्याला वाटलं उरलेलं भांडण करायला बोलावतोय. भागूनं त्याच्या हातावर गुळाची पोळी ठिवली आन् म्हणली, "हॉर्न मारत जा बाबा, आता ऐकू येतोय."

आन् आता ती यंत्राफुडं बसती. सांजच्याला ओट्यावर आम्ही दोघं, मधी यंत्र. काय बोलती म्हणाल, तर काय न्हाई. कोंबडी कुठं अंडं घालती, म्हाळूची सून काय म्हणली, तिच्या माहेरी ओढ्याला पूर आला हुता तवा ती आन् म्हाळसा बाभळीवर कशा बसल्या हुत्या. लगीन झाल्यावर पैल्यांदा माझ्या घरात शिरताना तिला काय वाटलं हुतं. इतक्या वर्षांचं साठलेलं. विनोद म्हणला हुता बॅटरी दिवसभर जाती. त्यानं त्याच्या मावशीला बसून बोलताना बघितलेलं न्हाई.

काल तसंच झालं. ती बाभळीवरची गोष्ट सांगत हुती आन् ऐन पुराच्या मधी काच काळी पडली. मी सांगणार हुतो, थांब, चार्जिंगला लावतो. पण ती अशी रंगात आली हुती, हात असं करत हुती की पाणी कंबरेपत्तुर आलं, की माझ्यानं थांबवलं न्हाई. मी यंत्र बाजूला ठिवलं आन् तिच्याकडं बघत बसलो. ती हसली तवा हसलो, तिनं मान हलवली तवा हलवली.

सकाळी यंत्र भरल्यावर इचारलं, "काल फुडं काय झालं? पूर उतरला का?"

तिनं माझ्याकडं बघितलं. काचेवर उमटलं, 'मग काल माना कशाला डोलवत होता?'

मी म्हणलं, "तू सांगत हुतीस म्हणून."

तिनं चुलीवरचा चहा उतरवला, माझ्या शेजारी येऊन बसली, आन् पूर आला तिथनं गोष्ट परत सांगायला लागली.

म्हाळसाला आन् पारडीला आशीर्वाद.

तुमचा,
हौशीराम